‘उकल नाही’ की ‘उकल शून्य’?

सोलापुरात दहावीचे क्लास घेणाऱ्या एका बाईंनी विचारलंय: दोन रेषीय समीकरणांना उत्तर नसलं की मुलं कधी ‘उकल शून्य’ लिहितात, कधी ‘समीकरणं सुटत नाहीत’. पुस्तकी शब्द ‘विसंगत’. यातलं चालेल काय?

‘उकल शून्य’ सरळ खोडा. शून्य ही चांगली धडधाकट उकल असते. क्ष + य = ० आणि क्ष − य = ० यांची उकल (०, ०) आहेच की!

‘सुटत नाहीत’ फसवं आहे. गणित सुटलं नाही म्हटलं की दोष सोडवणाऱ्यावर जातो. इथं साक्षात रामानुजन बसले तरी उत्तर निघणार नाही, कारण ते नाहीच.

‘विसंगत’ मला पटतो, फक्त तो लावायचा कुणाला ते बघा. समजा, चाटी गल्लीतलं एक बिल २ चादरी आणि ३ टॉवेलांचं, ९०० रुपये. दुसरं ४ चादरी आणि ६ टॉवेलांचं, १७०० रुपये. सुटं पाहिलं तर कुठलंच बिल खोटं वाटत नाही. पण भाव काहीही धरा, दुप्पट मालाचे दुप्पट म्हणजे १८०० व्हायला हवेत. (घाऊक घेतलं म्हणून शंभर सोडले असतील, पण ते समीकरणात कुठंय?) तेव्हा विसंगत आहे ती जोडी. ‘दुसरं समीकरण विसंगत’ असं लिहू देऊ नका.

तेच बिल १८०० चं असतं तर एकच गोष्ट दोनदा सांगितल्यासारखं झालं असतं आणि उकली असंख्य. निश्चयक (म्हणजे नगांच्या आकड्यांचे तिरके गुणाकार करून केलेली वजाबाकी) मात्र दोन्हीकडे २×६ − ३×४ = ०. त्यामुळे ‘निश्चयक शून्य, म्हणजे विसंगत’ हे मुलांचं आवडतं वाक्यही कापा. निश्चयक शून्य आला की क्रेमरची पद्धत (निश्चयकानं भागून उकल काढायची ती) चालत नाही, एवढंच. पुढचा निकाल स्थिरपदं, म्हणजे इथं बिलांच्या रकमा, बघून लावायचा.

उत्तरपत्रिकेत ‘दिलेली समीकरणे विसंगत आहेत, म्हणून त्यांना उकल नाही’ एवढं पुरे.

काही जण विसंगतला ‘समांतर’ म्हणतात. दोन चलांतल्या दोन रेषांपुरतं ते ठीक. पण क्ष + य = ५, क्ष − य = १ आणि २क्ष + य = ९ घ्या. पहिल्या दोन रेषा (३, २) मध्ये छेदतात, तिथं तिसरीची बेरीज ८ येते. कुठल्याही दोन घेतल्या तर उकल मिळते, तिन्ही मिळून नाही. संच विसंगत, आणि समांतर रेषा त्यात एकही नाही.