अ‍ॅव्होकॅडो लवकर वाढवायचाय? आधी मुळी सांभाळा

ताई, 2 वर्षांत झाड गुडघ्याएवढंच राहिलं म्हणून खताचा डोस वाढवू नका. अडचण बहुतेक वेळा मुळीत असते. अ‍ॅव्होकॅडोची पांढरी मुळी मातीच्या वरच्या वीतभर थरातच पसरते आणि पाणी साचलं की गुदमरून कुजते. हलक्या हाताने थोडी उकरून बघा. पांढरी, टणक असेल तर ठीक. काळी पडून बोटात तुटली, तर पाणी जास्त होतंय.

सध्या एवढंच करा:

- काळ्या मातीत नवं रोप लावायचं असेल तर खड्डा नको; दीड-दोन फुटांचा उंचवटा करून त्यावर लावा.
- बोट दोन इंच खुपसा, कोरडं लागलं तरच पाणी द्या.
- बुंध्याजवळ वीतभर जागा सोडून पालापाचोळ्याचं जाड आच्छादन घाला. आळं खुरपू नका, मुळी तुटते.
- खत थोडं थोडं, वरचेवर. शेणखत पूर्ण कुजलेलंच.

एप्रिल-मेमध्ये कोवळ्या खोडाला चुना आणि दुपारची सावली हवीच.

रोप बियांचं की कलमी, तेही कळवा. बियांच्या झाडाला फळ धरायला 7 ते 10 वर्षं किंवा जास्तही लागतात, कलमाला साधारण 3-4. छाटणीचं एवढ्यात नको, झाड छातीएवढं झालं की बोलू.