व्हिडिओ पोकरमध्ये सलग हरत असताना मन आणि पैसा कसा सांभाळावा?

गोव्यात व्हिडिओ पोकर खेळताना तास-दोन तास काहीच लागत नाही, अशा वेळी यंत्र बदलावे, रक्कम वाढवावी की नेटाने बसून राहावे, असे आपण विचारले आहे. मी मुंबईत हिशेबनिसाचे काम करतो आणि वर्षातून एक-दोनदा दादरहून मांडवी एक्स्प्रेसने मडगाव गाठतो. हा खेळ मला मनापासून आवडतो आणि त्यात मी चांगलाच पोळलोही आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी खेळाची घडण समजून घ्यावी. यंत्र पाच पाने देते, आपण हवी ती धरून बाकीची एकदा बदलून घेतो, आणि शेवटी हाती येणाऱ्या पाच पानांवर पैसे मिळतात. ‘जॅक्स ऑर बेटर’ (गुलामाच्या किंवा त्याहून मोठ्या जोडीपासून पैसे देणारा) या प्रकारात फुल हाउसला (तीन सारखी आणि दोन सारखी पाने) ९ पट आणि फ्लशला (पाचही पाने एकाच चिन्हाची) ६ पट देणारे यंत्र मिळाले आणि एकही चूक न करता खेळलो, तरी लावलेल्या १०० रुपयांमागे दीर्घकाळात सरासरी ९९.५४ रुपये परत येतात. तेच बक्षिसांचा तक्ता ८ आणि ५ पटींचा असेल तर ९७.३० रुपये. परंतु हे पैसे सारखे वाटून येत नाहीत. त्यातले जवळजवळ ६ रुपये ‘फोर ऑफ अ काइंड’मधून (चार सारखी पाने) येतात, जे सरासरी ४२३ डावांत एकदा लागते, आणि जवळजवळ २ रुपये रॉयल फ्लशमधून (एकाच चिन्हाची दश्शीपासून एक्क्यापर्यंतची पाने), जो सुमारे ४०,००० डावांत एकदा दिसतो. तासाला ६०० डाव धरले तर साधारण दर चौथा तास चार सारखी पाने न लागताच जातो, आणि अशा तासात लावलेल्या रकमेतले सुमारे ९ टक्के जातात. डावाला ५० रुपये लावत असाल, तर ३०,००० रुपयांची उलाढाल होऊन अडीच-पावणेतीन हजार गेले, एवढाच त्याचा अर्थ. शंभरातले ५४-५५ डाव तर कोरेच असतात, त्यामुळे सलग दहा डाव कोरे जाणे दीड-दोन तासांच्या खेळात स्वाभाविक आहे. आपण ज्याला वाईट वेळ म्हणता, ती माझ्या मते या खेळाची नेहमीची चाल आहे.

म्हणून यंत्र बदलून काही साधत नाही. प्रत्येक डावाला बावन्न पानांचा कॅट नव्याने पिसला जातो. मागच्या दोन तासांत काय झाले हे त्याला ठाऊक नसते, आणि ‘आता लागायलाच हवे’ असेही काही नसते. उठून जायचे असेल तर पाय मोकळे करण्यासाठी जरूर जावे.

रक्कम वाढवण्याविषयी मात्र मी कळकळीने सांगतो की तसे करू नका. काही वर्षांपूर्वी एका रात्री चार तास हात रिकामा राहिल्यावर, गेलेले एका फटक्यात भरून काढण्यासाठी मी दहा रुपयांच्या क्रेडिटवरून (क्रेडिट म्हणजे पैसे लावण्याचे एकक, डावाला पाचपर्यंत लावता येतात) पन्नासच्या क्रेडिटवर गेलो. पहाटेपर्यंत मुलीच्या क्लासच्या फीसाठी बाजूला काढलेले पैसेही संपले, आणि परतीच्या प्रवासात पनवेल येईपर्यंत मी पत्नीला काय सांगायचे याचीच जुळवाजुळव करत होतो. त्या रात्री माझा खेळही बिघडला होता, हे मला नंतर उमगले: एरवी मी लहान जोडी धरून ठेवतो, पण तेव्हा पंजाची जोडी टाकून नुसता एक्का आणि राजा धरत होतो, कारण मोठे काहीतरी हवे होते. हरण्याच्या फेऱ्यात खरे नुकसान येथे होते. पानांमुळे जाणारा पैसा मोजता येतो. घाबरून केलेल्या चुकांमुळे जाणारा लक्षातही येत नाही.

आता मी रक्कम घरीच ठरवतो, पत्नीला सांगतो, ती गेलेलीच धरतो आणि कार्ड हॉटेलवर ठेवून निघतो. हात आखडायचा असेल तर क्रेडिटची किंमत कमी करतो, पण पाचही क्रेडिट लावतो. कारण पाच लावल्यास रॉयल फ्लशला क्रेडिटमागे ८०० मिळतात, त्याहून कमी लावल्यास बहुतेक यंत्रांवर २५०च. आणि सोपे पान चुकीचे टाकले की त्याच क्षणी उठतो, मग ठरवलेली रक्कम उरलेली असो वा नसो.

परत आल्यावर लोकलमध्ये बसून फोनवर तोच खेळ पुढे चालू करण्याचा मोह होतो, तो टाळा. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आहे, तेव्हा जे कोणी अजून ते चालवत असतील त्यांच्याकडे दाद मागायची सोय नाही. आपल्या प्रश्नात ‘मित्राकडून घेतलेले पैसे’ असा ओझरता उल्लेख आहे. तो वाचून मी अस्वस्थ झालो. उसने घेऊन खेळणे सुरू झाले असेल, तर वर लिहिलेले डावपेच बाजूला ठेवा, सध्या गोव्याला जाऊ नका, घरातल्या एका माणसाला खरा आकडा सांगा आणि ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. तेथे मराठीतही बोलता येते.