जीडब्ल्यू बॉडीला मराठीत काय म्हणायचं, पिंड की पुंजका?

एका ताईंनी विचारलंय की त्यांच्या आईच्या एएनए टेस्टच्या (अँटिन्यूक्लियर अँटिबॉडी, म्हणजे पेशीच्या केंद्रकाविरुद्धच्या अँटिबॉडी शोधणारी रक्ततपासणी) रिपोर्टवर "सायटोप्लाझमिक डिस्क्रीट डॉट्स, जीडब्ल्यू बॉडी" असं लिहून आलंय. अँटिबॉडीला मराठीत प्रतिपिंड म्हणतात, मग ही जीडब्ल्यू बॉडी म्हणजे पिंड म्हणायचं का, आणि अँटिबॉडी त्या पिंडाच्या विरुद्ध असते म्हणून ती "प्रति"पिंड आहे का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, नाही. दोन्हीकडे बॉडी आहे पण त्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. अँटिबॉडी हा जर्मन अँटिकॉर्परवरून आलेला शब्द आहे, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाचा. तेव्हा तो रेणू कोणी बघितलेला नव्हता, रक्तात रोगाला विरोध करणारं "काहीतरी" आहे एवढंच माहीत होतं आणि त्या काहीतरीला बॉडी म्हटलं. आपण त्याचं शब्दशः प्रतिपिंड केलं, काही जण प्रतिद्रव्य म्हणतात, मला अर्थाच्या दृष्टीने प्रतिद्रव्य जास्त पटतं पण कोविडमध्ये पेपरांनी प्रतिपिंड घरोघरी पोचवला, तो आता राहू दे.

जीडब्ल्यू बॉडी मात्र खरंच डोळ्यांना दिसते. एएनए टेस्टमध्ये काचपट्टीवर हेप-टू नावाच्या मानवी पेशी असतात, त्यावर पेशंटचं सीरम (रक्तातल्या पेशी आणि गुठळी काढून उरलेला द्रव) पातळ करून घालतात, सीरममधल्या अँटिबॉडीज जिथे चिकटतील तिथे हिरवी चमक दिसते. बहुतेक वेळा चमकतं ते केंद्रक, टेस्टचं नावच त्यावरून पडलंय. पण या पॅटर्नमध्ये केंद्रक काळंच राहतं आणि बाहेर पेशीद्रव्यात मोजता येतील असे थोडेसेच हिरवे ठिपके लुकलुकतात. आंतरराष्ट्रीय यादीत याला एसी-१८ नंबर आहे. ठिपके केंद्रकात असतील तर तो पॅटर्न वेगळा आणि त्याचे अर्थही वेगळे, म्हणून मराठीत सांगताना नुसतं "ठिपके दिसले" म्हणून चालत नाही, कुठे दिसले ते सांगायलाच हवं.

हे ठिपके काय आहेत ते एका पेशंटच्या सीरममुळेच कळलं, त्या व्यक्तीला नसांचा, म्हणजे मज्जातंतूंचा आजार होता, हालचालीच्या आणि संवेदनेच्या दोन्ही. कॅल्गरीचे मार्विन फ्रिट्झलर, एडवर्ड चॅन आणि सहकाऱ्यांनी त्या सीरमच्या मदतीने या ठिपक्यांतलं एक नवं प्रथिन शोधलं आणि २००२ मध्ये ते जाहीर केलं, जीडब्ल्यू१८२, त्यावरूनच ठिपक्यांना जीडब्ल्यू बॉडी म्हणतात. जी म्हणजे ग्लायसिन, डब्ल्यू म्हणजे ट्रिप्टोफॅन, दोन्ही प्रथिनं ज्यांची बनतात ती अमिनो आम्लं (टी हे अक्षर थ्रिओनिनने आधीच घेतलेलं), ही जोडी त्या प्रथिनात पुन्हापुन्हा येते, आणि १८२ हे त्याचं वजन, किलोडाल्टनमध्ये. हे प्रथिन आर्गोनॉट प्रथिनांना धरून राहतं आणि मायक्रोआरएनएच्या (छोट्या नियंत्रक आरएनएच्या) सांगण्यावरून एमआरएनएला (प्रथिन बनवण्याचा निरोप नेणाऱ्या आरएनएला) गप्प करतं, म्हणजे त्यापासून प्रथिन बनू देत नाही. मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे ऑटोइम्यून (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटलेल्या) पेशंटांमध्ये आधीपासून माहीत असलेली "सू" नावाची अँटिबॉडी नेमकी कशाविरुद्ध आहे ते २००६ मध्ये कळलं, तर ते निघालं आर्गोनॉट २. म्हणजे आजारी माणसाची प्रतिकारशक्ती एकाच यंत्रणेतली दोन जोडीदार प्रथिनं दाखवत होती.

आता शब्दाकडे. पिंड म्हटलं की दहाव्याचा भात आठवतो म्हणून काहींना नको वाटतो, पण मूत्रपिंड, स्वादुपिंड आपण रोज बोलतो आणि कोणी दचकत नाही. माझा आक्षेप वेगळाच आहे. करंजीला पारी असते, आत सारण, लाडवाला पारी नसते, तो नुसत्या आतल्या चिकटपणावर उभा असतो. तंतुकणिका, लयकारिका या करंज्या, त्यांना पटल आहे. जीडब्ल्यू बॉडी म्हणजे लाडू, आरएनए आणि प्रथिनं एकमेकांना धरून जमलेली, वेष्टन नाही. आणि ती कायमची पण नसते, पेशी विभाजनाच्या तयारीला लागली की बऱ्याचशा विरघळून जातात आणि नंतर पुन्हा जमतात. यीस्टमध्ये सापडलेल्या पी-बॉडी, म्हणजे प्रोसेसिंग बॉडी, याच घराण्यातल्या, तिथेही सगळा एमआरएनए मोडीत निघत नाही, काही राखून ठेवलेला परत कामाला लागतो. पिंड म्हटलं की घट्ट, ठरलेला अवयव वाटतो. जमणं आणि पांगणं दोन्ही ज्यात येतं असा आपला शब्द पुंजका, कापसाचा पुंजका, ताऱ्यांचा पुंजका. म्हणून मी जीडब्ल्यू पुंजके म्हणेन. शिवाय "पिंडांविरुद्धची प्रतिपिंडे" हा गोंधळही टळतो.

आणि ताई, आईंच्या बाबतीत एवढंच, या अँटिबॉडीज शोग्रेन आणि ल्यूपस हे ऑटोइम्यून आजार, नसांचे आजार अशा वेगवेगळ्या पेशंटांत सापडल्यात, त्यामुळे नुसत्या पॅटर्नवरून आजाराचं नाव ठरत नाही, त्यांना होणारा त्रास बघून डॉक्टरच ठरवतील. त्यांना मराठीत सांगायचं तर असं सांगा, "तुझ्या रक्तात अशी प्रतिपिंडे दिसलीत जी पेशीच्या केंद्रकाला नाही, तर बाहेरच्या आरएनएच्या छोट्या पुंजक्यांना चिकटतात."