स्कॅनमध्ये सर्व्हर सापडला, पण मॉनिटरला जोडला जात नाही : टॉमकॅट आणि जेएमएक्सबद्दल

तुमची अडचण थोडक्यात अशी: बडोद्यातल्या गरब्याचे पास ऑनलाइन विकणाऱ्या पोर्टलमागे सहा टॉमकॅट आणि एक वाइल्डफ्लाय (दोन्ही वेब अ‍ॅप्लिकेशन चालवणारे जावा सर्व्हर) आहे. मॉनिटरिंग टूलच्या डिस्कव्हरीत, म्हणजे नेटवर्क स्कॅनमध्ये, सातही सापडले, पण जोडायला गेलात की काही टॉमकॅट ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणतात, तर काही टाइमआउट होतात. त्यात नवरात्र तोंडावर आलंय. टूल बदलायचा विचार तूर्त सोडा, दुखणं बहुतेक टॉमकॅटच्या बाजूला आहे.

डिस्कव्हरी दिलेल्या रेंजमधल्या एकेका पत्त्यावर ठरावीक पोर्ट उघडे आहेत का ते बघते. ८०८० वर कोणी उत्तर दिलं की टॉमकॅट असावा असं धरून नाव यादीत टाकते. आत हीप (जावाची मेमरी) किती भरलाय, थ्रेड (एकेक विनंती हाताळणारे कामकरी) किती अडकलेत, हे कळायला जेएमएक्स, म्हणजे जावाची आतली माहिती देणारी सोय, लागतं, आणि बाहेरून जोडता येईल असं जेएमएक्स टॉमकॅटमध्ये आपोआप चालू नसतं. ‘रिफ्यूज्ड’ म्हणणाऱ्या मशिनींवर ते चालूच केलेलं नाही का, हे पहिल्यांदा तपासा.

टाइमआउटची गोष्ट वेगळी. रिमोट जेएमएक्सला दोन पोर्ट लागतात. पहिल्यावर रजिस्ट्री, म्हणजे पुढचा पत्ता सांगणारी नोंदवही, बसते. टूल तिथे पोचलं की रजिस्ट्री सांगते, पुढचं बोलणं अमुक पत्त्यावर, अमुक पोर्टवर करा. हा दुसरा पोर्ट तुम्ही बांधून दिला नाही तर जावा दर रीस्टार्टला हाताला येईल तो घेते, आणि फायरवॉलमध्ये तर फक्त पहिलाच उघडलेला असतो. टेलनेट (पोर्ट उघडा आहे का ते बघायची कमांड) पहिल्या पोर्टला लागतं, त्यामुळे नेटवर्कवाले ‘आमच्याकडून सगळं उघडं आहे’ म्हणतात, आणि ते खरंही असतं. जावा ७ च्या अपडेट ४ पासून दुसरा पोर्ट ठरवून देण्याचा पर्याय आहे. जेएमएक्सरिमोटच्या सेटिंगमध्ये ‘पोर्ट’ आणि ‘आरएमआय पोर्ट’ (हाच तो दुसरा पोर्ट) दोन्हींना एकच आकडा दिला तरी चालतं, मग फायरवॉलमध्ये एकच नियम पुरतो.

तरीही लागत नसेल तर त्या मशीनची होस्ट्स फाइल (कोणत्या नावाचा आयपी कोणता, याची यादी) उघडा. डेबियन आणि उबंटूमध्ये मशीनचं नाव बऱ्याचदा १२७.०.१.१ ला, म्हणजे ‘मी स्वतः’ अशा अर्थाच्या पत्त्याला, बांधलेलं असतं. मग टॉमकॅट टूलला तोच पत्ता देतो आणि टूल दुसऱ्या मशीनकडे जाण्याऐवजी स्वतःचंच दार ठोठावत बसतं. यावर उपाय म्हणजे आरएमआय सर्व्हर होस्टनेमच्या सेटिंगमध्ये टूलला जिथून पोचता येईल तो खरा आयपी लिहायचा.

ही सगळी सेटिंग टॉमकॅटच्या बिन फोल्डरमधल्या सेटएन्व्ह फाइलमध्ये कॅटालिना ऑप्ट्सखाली टाका, जावा ऑप्ट्समध्ये नको. जावा ऑप्ट्स टॉमकॅट बंद करतानाही वाचले जातात. बंद करणारी प्रोसेस तोच जेएमएक्स पोर्ट मागते, तो आधीच वापरात असतो, आणि टॉमकॅट नीट बंद होत नाही. एका मशीनवर दोन टॉमकॅट असतील तर प्रत्येकाला वेगळा पोर्ट द्या.

एक विनंती मनापासून. नेटवर सापडणाऱ्या बहुतेक उदाहरणांत ऑथेंटिकेशन बंद ठेवलेलं असतं. लोकांचे पैसे ज्या सर्व्हरवरून जातात तिथे हे कधीही करू नका, उघड्या जेएमएक्समधून बाहेरचा माणूस त्या मशीनवर स्वतःचा कोड चालवू शकतो. मॉनिटरिंगसाठी फक्त वाचण्याची परवानगी असलेला वेगळा युजर ठेवा. पासवर्डची फाइल टॉमकॅट ज्या युजरने चालतो त्याच्याच मालकीची आणि फक्त त्यालाच वाचता येईल अशी ठेवा, नाहीतर जावा सुरूच होत नाही.

वाइल्डफ्लायचं मॅनेजमेंट पोर्ट ९९९० वर असतं, आणि टूलला बहुधा त्याची क्लायंट जार फाइल (जोडणीसाठी लागणारी जावा लायब्ररी) द्यावी लागते. पुढेमागे दुसरे जावा सर्व्हर आले, तर वेबलॉजिकचा पोर्ट ७००१, वेबस्फिअरचा सोप (मॅनेजमेंटचा) पोर्ट साधारणपणे ८८८०.

डिस्कव्हरी चालूच ठेवा, पण सापडेल ते आपोआप जोडणारा पर्याय बंद करा. लोड बॅलन्सरच्या (येणाऱ्या विनंत्या सर्व्हरांमध्ये वाटणाऱ्या यंत्रणेच्या) पत्त्यावरून तोच टॉमकॅट दुसऱ्यांदा सापडतो आणि ग्राफ दुप्पट दिसतो. कोणीतरी चाचणीसाठी उभा केलेला विसरलेला सर्व्हरही सापडतो, त्याचा मालक कोण ते आधी विचारा. रेंज छोटी ठेवा आणि स्कॅनची वेळ सिक्युरिटीवाल्यांना आधी कळवा. जोडताना नाव आयपीवरून न देता कामावरून द्या: ‘पास बुकिंग १’, ‘पेमेंट २’. रात्री अलार्म वाजला की फोन कोणाला करायचा ते नावावरूनच कळायला हवं.

जोडून झालं की पहिला आलेख बिझी थ्रेडचा लावा. पास विक्रीला खुले झाले की सगळं शहर एकाच मिनिटाला येतं, तेव्हा सीपीयू निवांत दिसतो आणि थ्रेड मात्र संपलेले असतात. टॉमकॅटमध्ये मॅक्स थ्रेड्स न बदलल्यास २०० असतात, १५० च्या आसपास इशारा ठेवा. आलेख कोराच राहिला तर एमबीनचं (जेएमएक्समधून आकडे देणाऱ्या नोंदीचं) नाव बघा, त्यात कनेक्टरचा, म्हणजे टॉमकॅटच्या विनंत्या घेणाऱ्या भागाचा, पोर्ट असतो. टेम्पलेटमध्ये ८०८० लिहिलेलं असेल आणि तुमचा कनेक्टर ८०८१ वर असेल तर आकडा येणार नाही. आणि मॅक्स थ्रेड्स उणे १ दिसले तर घाबरू नका, त्या कनेक्टरला वेगळा एक्झिक्युटर (थ्रेडचा स्वतंत्र साठा) जोडलेला आहे, कमाल आकडा त्या एक्झिक्युटरच्या एमबीनमध्ये मिळेल.