हायड्रोजनचा अणुवस्तुमानांक १, २ किंवा ३ असतो, मग आवर्तसारणीत १.००८ का छापलेलं असतं?

तुमचा सगळा घोळ एका ‘अंका’चा आहे. तुम्ही विचारताय अणुवस्तुमानांकाबद्दल आणि तक्त्यात छापलंय ते अणुवस्तुमान. पहिलं मोजायचं असतं, दुसरं जोखायचं. मोजदाद केली की पूर्ण संख्याच येणार, डझनभर केळी सव्वाबारा कशी भरतील? तराजूत घातली की मात्र काट्याला वाटेल तो आकडा येतो.

मी ठाण्यात, चरईत, घरीच आठवी-नववीच्या शिकवण्या घेते. हा धडा आला की स्वयंपाकघरातून मूठभर हरभरे आणि मूठभर वाटाणे आणते. हरभरा म्हणजे प्रोटॉन, वाटाणा म्हणजे न्यूट्रॉन, बशी म्हणजे अणुकेंद्रक. इलेक्ट्रॉन बशीबाहेर फिरतात आणि वजनाला प्रोटॉनच्या सुमारे १८३६वा भाग, त्यामुळे या हिशेबात त्यांना धरत नाही. नुसते हरभरे मोजले की अणुअंक. हरभरे-वाटाणे मिळून मोजले की अणुवस्तुमानांक. झालं.

बशीत एकटा हरभरा असेल तर प्रोटियम, आपला रोजचा हायड्रोजन. सोबत एक वाटाणा आला की ड्यूटेरियम, दोन आले की ट्रिटियम. हरभरा तिन्हींत एकच, म्हणून तिन्ही हायड्रोजन आणि आवर्तसारणीत तिघांचं घर एकच. समान स्थान, म्हणून समस्थानिक. शब्द फोडून बघितला की व्याख्या घोकावी लागत नाही.

मागच्या वर्षी एका मुलाने ट्रिटियम मांडताना दोन हरभरे आणि एक वाटाणा ठेवला. बेरीज तीन, स्वारी खूश. म्हटलं, “अरे, हा हेलियम झाला.” तर म्हणे, “पण ताई, तीनच आहेत की!” हीच मेख आहे. बेरीज तीच राहिली तरी हरभरा वाढला की मूलद्रव्य बदलतं. वाटाणे कितीही असोत, नाव ठरतं ते हरभऱ्यांवर.

आता तुमचा १.००८. गाइडमध्ये सरसकट लिहिलेलं असतं की ही समस्थानिकांची सरासरी आहे. क्लोरीनला ते चपखल लागू पडतं: ३५ वस्तुमानांकाचे साधारण तीन अणू, ३७चा एक, म्हणून ३५.५. हायड्रोजनच्या बाबतीत मात्र हे उत्तर अपुरं आहे. शुद्ध प्रोटियमचा अणू जोखला तरी तो १.००७८ भरतो. ड्यूटेरियम निसर्गात सुमारे ६४०० हायड्रोजन अणूंमागे एक, ते मिसळून सरासरी जेमतेम १.००८०पर्यंत सरकते. मग एकाच्या वरचं ते ०.००७८ कुठून आलं? मापातूनच. अणू जोखायचं आपलं माप म्हणजे कार्बन-१२च्या अणूचा बारावा हिस्सा. कार्बनच्या केंद्रकात बारा कण एकमेकांना घट्ट धरून बसलेत, आणि ते एकत्र येताना जी ऊर्जा बाहेर पडते तेवढं वस्तुमान घटतं. एकटा प्रोटॉन कुणाशी जोडलेलाच नाही, त्याची अशी घट नाही. म्हणून या मापाने तो एकाहून जरासा जास्त भरतो. परीक्षेत हे कुणी विचारत नाही, पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं.

ड्यूटेरियम १९३१मध्ये हॅरल्ड यूरी यांनी शोधलं, म्हणजे चॅडविकना न्यूट्रॉन सापडला त्याच्या आदल्या वर्षी. वाटाणा कुणी पाहिलेला नव्हता, पण बशी जड लागत होती! तुमच्या नळाच्या वीस लिटरच्या बादलीतही ते आहे. सगळं वेगळं काढून त्याचं जड पाणी, म्हणजे साध्या हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम असलेलं पाणी, केलं तर साडेतीन ग्रॅमच्या आसपास भरेल, चहाचा चमचाही नाही. हे पाणी ३.८ अंश सेल्सिअसलाच गोठतं आणि त्याचा बर्फ साध्या पाण्यात टाकला तर तळाशी जातो. मानखुर्दहून वाशीला येताना लोकल खाडीपुलावर चढते तेव्हा मुलांना दक्षिणेला बोट दाखवून सांगते, तिकडे ट्रॉम्बेला ध्रुव अणुभट्टीत न्यूट्रॉनचा वेग कमी करायला हेच जड पाणी वापरतात.

ट्रिटियम किरणोत्सारी आहे, अर्धायुष्य १२.३ वर्षं, म्हणजे तेवढ्या काळात त्याचे निम्मे अणू बदलून जातात. त्याच्या केंद्रकातल्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो. हे शिकवताना मी बशीतला एक वाटाणा उचलला आणि त्याजागी हरभरा ठेवला. दोन हरभरे, एक वाटाणा. हेलियम-३.

तो मुलगा बशीकडे बघत बसला. मग म्हणाला, “म्हणजे ताई, माझं बरोबरच होतं. फक्त बारा वर्षं लवकर मांडलं.”