गेम प्रोग्रामर व्हायचंय. युनिटी शिकू की अनरियल? आणि कोर्स लावू का?

तुम्ही बी.एस्सी. कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहात आणि लाखभराच्या कोर्सचा विचार करताय. कोर्सचं आणि युनिटी-अनरियल या इंजिनांचं, म्हणजे गेम बनवायच्या तयार सॉफ्टवेअरचं, नंतर बघू. आधी पाँग बनवा.

हो, तोच १९७२ सालचा. दोन पट्ट्या, एक चेंडू. पण पूर्ण बनवा: मेन्यू, गुण, आवाज, हरल्यावर 'पुन्हा खेळा'चं बटण. चेंडू उडवायला एक संध्याकाळ पुरते, उरलेल्या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी पंधरा दिवस खातात. बहुतेक जण तिथेच सोडून देतात आणि 'ओपन वर्ल्ड' गेमची स्वप्नं बघत बसतात. (मीही बघितली आहेत.)

माझा पाँग माझ्या जुन्या लॅपटॉपवर झकास चालायचा. मित्राकडे १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर लावला, तर चेंडू नजरेला सापडेना! मी दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावर उमटणाऱ्या दर नव्या चित्राला, चेंडू ५ पिक्सेल सरकवत होतो. माझ्याकडे सेकंदाला ६० फ्रेम, त्याच्याकडे १४४. म्हणजे वेग जवळपास अडीचपट. वेग 'सेकंदाला ३०० पिक्सेल' असा धरायचा आणि डेल्टा टाइमने, म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळाने, गुणायचा, एवढाच उपाय. मग एखादी फ्रेम रखडली की चेंडू पट्टीच्या आरपार जातो, ती पुढची डोकेदुखी.

इंटरव्ह्यूत असंच खोदून विचारतात. 'शत्रू खेळाडूच्या समोर आहे की पाठीमागे, कसं ओळखशील?' खेळाडूच्या तोंडाची दिशा आणि त्याच्यापासून शत्रूपर्यंतचा व्हेक्टर, या दोघांचा डॉट प्रॉडक्ट काढायचा. धन आला तर समोर, ऋण आला तर मागे. बारावीचं गणित आहे, पुस्तक रद्दीत दिलं नसेल तर काढा. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर दर फ्रेमला इनपुट, फिजिक्स, शत्रूची हालचाल आणि चित्र काढणं हे सगळं साधारण १६.६ मिलिसेकंदांत उरकावं लागतं, हेही डोक्यात पक्कं हवं.

आता इंजिन. युनिटीत सी-शार्प भाषेत कोड लिहायचा, अनरियलमध्ये सी-प्लस-प्लसमध्ये. गोडो हे तिसरं इंजिन फुकट आहे, सोर्स कोड खुला आहे, साध्या लॅपटॉपवरही चालतं. मी तिथून सुरुवात करायला सांगेन. युनिटीने २०२३ मध्ये गेमच्या दर इन्स्टॉलमागे पैसे घ्यायचं जाहीर केलं आणि ओरड झाल्यावर पुढच्या वर्षी मागे घेतलं, तेव्हा एकाच इंजिनाशी लग्न नको. मोठ्या स्टुडिओत जायचं असेल तर सी-प्लस-प्लस मात्र टाळू नका. 'राजी' हा गेम पुण्याच्याच नॉडिंग हेड्सने अनरियलवर केला, २०२० मध्ये आला. तो खेळून बघा.

कोर्स? दोन छोटे गेम पूर्ण झाल्याशिवाय एक रुपयाही भरू नका. तोवर गिट (कोडमधले बदल जपून ठेवायचं साधन) शिका, ४८ तासांच्या एखाद्या गेम जॅममध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळात गेम बनवायच्या उपक्रमात, उतरा.

आणि पाँग झाला की धाकट्या भावंडाच्या हातात द्या, मागे उभे राहा आणि तोंड उघडू नका. ते कुठे अडकतं, तेवढं वहीत लिहा.