बिलावर ‘मूळ छाप, सन १७५६’, कागद मात्र नवा

प्रश्न : मी निपाणीत राहतो, शिक्षक म्हणून निवृत्त झालो. जुन्या गलबतांच्या आणि आरमारी लढायांच्या छापील चित्रांचा मला नाद आहे. गेल्या वर्षी मुंबईतल्या एका व्यापाऱ्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो बघून विजयदुर्गच्या (इंग्रज त्याला ‘घेरिया’ म्हणत) लढाईचं चित्र ६२,००० रुपयांना घेतलं. बिलात ‘घेरियाची लढाई, मूळ छाप, सन १७५६, तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली, हाताने रंगवलेली’ असं लिहिलंय. पार्सल कोल्हापूरला लेकीच्या घरी उतरवून घेतलं. गेल्या महिन्यात फ्रेम बदलायला दिली, तेव्हा फ्रेमवाल्याला शंका आली. ओळखीच्या तंबाखूच्या पेढीवर नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली धरलं, तर कागद निळसर चमकला. भिंगातून रंगाचे ठिपके दिसतात. व्यापारी म्हणतो, विकलेला माल परत घेत नाही, भांडायचं तर मुंबईच्या कोर्टात या. त्याच्याकडूनच सुवर्णदुर्ग आणि ट्रफाल्गरची चित्रंही घेतली आहेत. मुलगा लंडनला असतो. त्याच्याबरोबर हे चित्र तिकडच्या जाणकारांना दाखवायला पाठवू का? आणि केस कुठे करू? कोल्हापूर जवळ पडतं, कामही मराठीत चालतं.

उत्तर : सर, आधी एक सांगतो. चित्र मुलाच्या बॅगेत घालू नका.

पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायदा, १९७२ प्रमाणे किमान शंभर वर्षं जुनी कलाकृती पुरावशेष ठरू शकते. ती इंग्लंडमध्ये छापली की इथे, असा भेद त्या व्याख्येत नाही. पुरावशेष देशाबाहेर नेण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारला किंवा त्याने अधिकृत केलेल्या संस्थेला आहे. दुसऱ्या कुणी नेला तर किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं कैद आणि वर दंड. तुम्ही म्हणाल, आमचं तर नकली आहे. पण विमानतळावर कस्टमच्या अधिकाऱ्यापुढे मुलाच्या हातात एकच कागद असेल, ते बिल, आणि त्यावर सन १७५६ लिहिलंय. शिवाय चित्र एकदा तुमच्या ताब्यातून बाहेर गेलं की ‘मी दिलेलं खरं होतं, हे बदललेलं आहे’ असं म्हणायला व्यापाऱ्याला वाट मिळते. ते तुमच्याच कपाटात राहू द्या.

तुमचा पुरावा चांगला आहे, फक्त तो नीट बांधून घ्यायला हवा. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून मिसळायची रसायनं साधारण १९५० नंतर वापरात आली. जांभळ्या दिव्याखाली निळसर चमकतात ती हीच. अडीचशे वर्षांपूर्वीचा चिंध्यांच्या लगद्याचा कागद तसा चमकत नाही. मात्र चमकला तो चित्राचाच कागद होता ना, मागे चिकटवलेला आधाराचा नव्हता ना, हे पुन्हा पाहा. ठिपके त्याहून भक्कम. तांब्याच्या पत्र्यावरच्या छपाईत रेषा अखंड कोरलेली असते, शाई किंचित वर आल्यासारखी बोटाला लागते, भोवती पत्र्याच्या दाबाचा ठसा उमटतो. रांगेत बसलेले रंगीत ठिपके हे फोटोवरून केलेल्या छपाईचं लक्षण. खाली प्रकाशकाचं नाव आणि तारीख असेल तर तिच्यावर जाऊ नका. १७३५ च्या इंग्लंडच्या कायद्यामुळे तशी ओळ पत्र्यावरच कोरत, आणि फोटोत ती चित्राबरोबर आपोआप येते.

व्यापारी काय म्हणेल ते आत्ताच सांगतो : १७५६ ही लढाईची तारीख, छपाईची नव्हे. त्या साली फेब्रुवारीत इंग्रज अ‍ॅडमिरल वॉटसनच्या जहाजांनी विजयदुर्गावर तोफा डागल्या आणि तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं, हे खरंच आहे, आणि त्या प्रसंगाचं चित्र नंतर कधीही छापता येतं. बिलात नुसतं ‘घेरियाची लढाई, १७५६’ असतं तर तुमची बाजू लंगडी पडली असती. जुन्याच पत्र्यावरून शंभर वर्षांनी काढलेली छाप निघाली असती तरी वाद चिवट झाला असता. पण त्याने स्वतःच्या हाताने ‘मूळ छाप’ आणि ‘तांब्याच्या पत्र्यावरून’ लिहून दिलंय, आणि ठिपके त्या दोन्हीला खोटं पाडतात. माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे, असं १९३० च्या माल विक्री कायद्याचं कलम १५ सांगतं. तुमची सगळी केस या कलमावर उभी करा.

एका गोष्टीत मात्र उशीर झालाय. माल नाकारतोय हे वाजवी मुदतीत कळवलं नाही, तर कलम ४२ प्रमाणे तो स्वीकारल्याचं धरलं जातं, आणि मग पूर्ण पैसे मागण्याऐवजी नुकसानभरपाईवर भागवावं लागू शकतं. खोट गेल्या महिन्यात कळली, हे तुमच्या बाजूचं. तेव्हा फोनवरची बोलाचाली पुरे. याच आठवड्यात स्पीड पोस्टाने लेखी नोटीस पाठवा : माल वर्णनाप्रमाणे नाही, मी तो नाकारतो, पंधरा दिवसांत पैसे परत करा, चित्र माझ्याकडे सांभाळून ठेवलंय, येऊन घेऊन जा. ‘आधी कुरिअर करा, मग बघू’ असं तो म्हणेल. पाठवू नका. नाकारलेला माल परत पोचवण्याची जबाबदारी खरेदीदारावर नाही, कलम ४३ मध्ये तसं स्पष्ट आहे. ‘विकलेला माल परत नाही’ या छापील ओळीलाही भिऊ नका. बिलात मुदत नसताना सदोष माल तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथाच आहे. तुमचे तीस दिवस उलटलेत, म्हणून हा मुद्दा जोडीला ठेवा, मुख्य करू नका.

आता जागा. मुंबईला जायची गरज नाही. याच कायद्याच्या कलम ३४ ने ग्राहकाला तो राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करायचा हक्क दिलाय, आणि बिलावरच्या ‘न्यायक्षेत्र मुंबई’ अशा ओळीने तो जात नाही असं माझं मत आहे. पार्सल कोल्हापुरात उतरलं, म्हणजे तक्रारीचं कारण अंशतः तिथे घडलं, असं म्हणता येतं. सीमाभागातल्या माणसाला कोल्हापूरची ओढ का असते हे मला सांगायला नको, आपल्या भाषेत आपलं गाऱ्हाणं मांडता येणं ही लहान गोष्ट नाही. तरीही मी बेळगाव जिल्हा आयोगच घ्या म्हणेन. बिल निपाणीच्या पत्त्यावरचं. कोल्हापूरला गेलात तर पहिले काही महिने अधिकारक्षेत्राच्या वादातच जातील, बेळगावला तुमच्या राहण्यावर कुणाला बोट ठेवता येणार नाही. तक्रार इंग्रजीत करा, मराठी संदेशांचं भाषांतर जोडा. पाच लाखांपर्यंत फी नाही. ग्राहक तक्रारींच्या सरकारी ई-जागृती पोर्टलवरून दाखल होते, आणि व्हिडिओवरून सुनावणीची विनंतीही करता येते. मुदत दोन वर्षांची, ती खरेदीच्या तारखेपासूनच धरून चाला.

‘पुढे विकलं तर दुप्पट येतील ना?’ असं तुम्ही कधी त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं असेल, तर तो ‘हा ग्राहक नव्हे, धंदेवाला’ म्हणेल. छंद म्हणून जमवणारा माणूस अशा एका वाक्याने व्यापारी होत नाही, पण वकिलाला ते आधी दाखवा, लपवू नका. फोन बदलू नका, संदेश आपोआप पुसले जाण्याची सोय बंद करा. फ्रेमवाल्याचं म्हणणं लेखी, सही-तारखेसह घ्या, आणि कागदाच्या संवर्धनाचं काम करणाऱ्या जाणकाराचा अभिप्राय प्रतिज्ञापत्रावर मिळवा. फ्रेमवाल्याच्या शंकेवर एकट्यावर आयोग निकाल देणार नाही.

पोलिसांकडे सध्या जाऊ नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक ठरवायला सुरुवातीपासूनचा अप्रामाणिक हेतू दाखवावा लागतो, आणि हा व्यापारी स्वतःच कुणाकडून फसला असण्याची शक्यता आहेच.

सुवर्णदुर्ग आणि ट्रफाल्गरची चित्रं नोटीस जाण्याआधी भिंगाखाली घालून बघा, बिलांवरचं वर्णन शब्दशः ताडून. तीही तशीच निघाली तर तिन्ही बिलं एकाच नोटिशीत घ्या.